पावसाळ्यात फोटो काढायला पाहुण्याला कुठे न्यावं? (धबधबे सोडून)

पागोळी
माझा मामेभाऊ जुलैच्या सुरुवातीला जर्मनीहून येतोय, तीन आठवडे. मुक्काम आमच्याकडे, शुक्रवार पेठेत. फोटोग्राफीचं वेड आहे आणि हातात बऱ्यापैकी कॅमेरा आहे. तिकडे त्याला जो तो सांगतोय की पावसाळ्यात भारतात जाऊ नकोस, आभाळ नुसतं राखाडी असतं, रस्ते तुंबतात, कॅमेऱ्याची वाट लागते. मी मात्र हट्टाने सांगितलं, यायचं तर जुलैतच ये. थंडीत काय, सगळीकडेच चांगलं ऊन असतं. आपला सह्याद्री मे महिन्यात करपून तांबडा झालेला असतो आणि जुलैत ओळखू येत नाही इतका बदलतो, हे त्याने बघायलाच हवं.

पण मला त्याला धबधब्यांच्या यादीवर फिरवायचं नाहीये. रविवारी लोणावळ्याला तीन तास गाडीत बसायचं, गर्दीत उभं राहून सगळे काढतात तोच फोटो काढायचा आणि ओल्या कपड्यांनी परत यायचं, हे मनाला पटत नाही. पाऊस आला की माणसांचं रोजचं जगणं कसं बदलतं ते त्याच्या फोटोत यावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याच वाड्यात कौलांवरून पागोळ्या सुरू झाल्या की खाली घंगाळं लावायला धावणाऱ्या शेजारच्या काकू मला कुठल्याही धबधब्यापेक्षा जास्त पावसाळी वाटतात.

तर पुण्याहून कुठे जावं, कॅमेरा कसा जपावा आणि महाराष्ट्राबाहेर आठवडाभर जायचं तर कुठे, हे जाणकारांनी सांगावं.

घाटवाट
भावाला आणताय हे उत्तम, पण धबधब्यांवर एवढा राग का? ताम्हिणी मंगळवार-बुधवारी करा. पहाटे पाचला चांदणी चौक सोडा, उजाडता उजाडता मुळशीच्या पाण्याकाठी पोचाल. त्या वेळी धुकं पाण्यावर असतं आणि रस्त्यावर कुत्रंही नसतं. नऊनंतर परत फिरा.

धबधब्याचं पाणी रेशमी हवं असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद शटर, तिकाटणं (ट्रायपॉड) आणि एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच. पण एनडीच्याही आधी पोलरायझर घ्यायला सांगा. ओल्या पानांवर आभाळाची चकाकी असते, त्याने हिरवा रंग पांढुरका दिसतो. पोलरायझर फिरवला की ती चकाकी जाते आणि खरा हिरवा बाहेर येतो. दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी होतो, तेवढं धरून चालायचं.

सिंहगड_रोड
+१ ताम्हिणी. आणि वाटेत पौडला मिसळ.

भिंगवाला
कॅमेऱ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण दर वर्षी गणपतीनंतर लोक बुरशी लागलेल्या लेन्स घेऊन येतात आणि मला वाईट वाटतं. (दुरुस्तीचं काम करतो.)

पावसाचं पाणी कॅमेऱ्यावर पडतं त्याने फार कमी कॅमेरे जातात. ते दिसतं, आपण पुसतो. घात करते ती दमट हवा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि साधारण ६०-६५च्या पुढे बराच काळ राहिली की लेन्सच्या आत बुरशी वाढायला लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. सुरुवातीला साफ होते, उशीर झाला तर काचेवरचा लेपच खाल्ला जातो, मग काही करता येत नाही.

उपाय महागडा नाही. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०च्या मध्ये ठेवायचा. अगदी कोरडंही नको, रबर आणि वंगण सुकतं. दाणे रंग बदलले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या केसमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात कॅमेरा अजिबात ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट एसीची. थंड गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की काचेवर, कधी आतसुद्धा, वाफ धरते. गाडी थांबायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा आणि बॅग बंदच ठेवा. तापमान सारखं झालं की मग काढा.

भर पावसात हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवा, पुढे हूड लावा. पुसायला जुना धुवट पंचा. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि पावसात उघड्यावर लेन्स बदलायची नाही, छत्री धरलेली असली तरी नाही.

पागोळी
@भिंगवाला, फार उपयोगी. डब्याचं आजच करते. तो फोनवरही बरंच काढतो, त्याचं काय? पाण्यातही चालतो म्हणतात.

भिंगवाला
फोनवर पाण्यात टिकण्याची जी आयपी६८ अशी खूण असते, ती म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत, ठरावीक वेळ, तेही गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर केलेली चाचणी. वापराने सील सैल होतं. भिजला तर पुसा, चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका. ॲपलनेही तसं करू नका म्हणून सांगितलंय, भुसा-कण आत जातात.

खवय्या_नारायणपेठ
आमच्या आईने फोन आंबेमोहोरात ठेवला होता. फोन काही वाचला नाही, पण त्या रात्रीचा भात अप्रतिम झाला :)

आर्द्रा_आज्जी
पागोळीताई, पाऊस सरसकट एक नसतो, हे भावाला आधी सांगा. मृगाचा येतो गडगडत, अंगावर धावून. आर्द्रात तो स्थिरावतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, असं आमच्या घरी म्हणायचे. तुमचा भाऊ येतोय तो तरण्या पावसात आणि जाईल तेव्हा म्हातारा लागलेला असेल. सारखी झड असते, दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. उघडीप-पाऊस, ऊन-पाऊस हवा असेल तर श्रावण. तेव्हा एका डोंगरावर ऊन आणि शेजारच्यावर सर असं दिसतं. पण त्याची सुटी जुलैतली असेल तर झडीचेच फोटो काढू द्या. झडीतली घरं, दोरीवर न वाळणारे कपडे, शेगडीवर धरलेली लंगोटं. आता शेगडी कुठे राहिली म्हणा.

लेन्सवाली
आज्जी, किती सुंदर लिहिलंत! झडीत एक फायदा असतो. उजेड सगळीकडून सारखा येतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. माणसांचे फोटो काढायला याहून चांगला उजेड नाही. धुक्यात मात्र कॅमेरा फसतो, पांढरं बघून फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर ठेवायचं.

पावसाच्या धारा दिसायला हव्या असतील तर मागे गडद काहीतरी हवं, झाडी किंवा वाड्याचं दार, आणि उजेड समोरून येणारा. शटर १/६०च्या आसपास ठेवलं की रेघा येतात, १/५००च्या वर थेंब गोठतात. फ्लॅश टाळा, जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन बसतात. मंडईत संध्याकाळी दिवे लागल्यावर पाऊस आला की भाजीवाल्या मावशी निळं मेणकापड ओढून घेतात, त्या क्षणाला तिथे असायला हवं. छत्र्या दुरुस्त करणारेही याच दिवसांत दिसतात.

घाटवाट
मंडईचं मान्य. पण डोंगर सोडून कसं चालेल? गाडी नको तर लोकलने मळवलीला उतरा. चालत भाजे लेणी. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातली आहेत. चैत्यगृहाच्या छताला अजून लाकडी फासळ्या आहेत. आत कोरड्यात उभं राहून कमानीतून बाहेरचा पाऊस टिपता येतो, कॅमेराही भिजत नाही. दम असेल तर पुढे लोहगड. २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले त्यात लोहगड आहे, तेव्हा गर्दी वाढलीय. आडवारीच जा.

नाणेघाटही विसरू नका. कोकणातून वर चढणारा वारा जुलै-ऑगस्टमध्ये इतका जोरदार असतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. सातवाहनांच्या नागनिकेचा शिलालेख तिथल्या गुहेत आहे. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही वर आहे.

प्रशासक
धाग्यावर ठिकाणांची चर्चा जरूर करा. फक्त एक विनंती. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. आपल्या माथ्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात पडलेलं पाणी काही मिनिटांत ओढ्यात येतं. पाण्यात उतरून काढलेल्या फोटोंचे सल्ले इथे देऊ नयेत. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईचे आदेश दर पावसाळ्यात निघतात, ते बघूनच बेत करावा.

सिंहगड_रोड
पूर्ण अनुमोदन.

मेघवाट
महाराष्ट्राबाहेरच्या आठवड्याबद्दल. मेघालय. सोहरा (चेरापुंजी) आणि मॉसिनराम. मॉसिनरामचा वर्षाचा सरासरी पाऊस ११,८०० मिलिमीटरच्या घरात आहे, आपल्या पुण्याचा सव्वासातशेच्या आसपास. आकड्याने कळत नाही, तिथे रात्री पत्र्याखाली झोपल्यावर कळतं. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. खासी बायका शेतात बांबू आणि पानांचं क्नूप पाठीवर घेतात, डोक्यापासून मांडीपर्यंत झाकणारं. आपल्याकडच्या इरल्याचं सख्खं भावंडच. मात्र जुलैत चार-चार दिवस समोरची दरी दिसत नाही, त्याची तयारी हवी.

माळव्यातली_सून
एवढ्या लांब कशाला? मांडू बघा. पुण्याहून इंदूरला रेल्वेने आणि तिथून साधारण शंभर किलोमीटर. माळव्याचा पाऊस आपल्या घाटासारखा अंगावर येत नाही. जहाज महाल दोन तलावांच्या मधे बांधलेला आहे आणि तलाव भरलेले असल्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही. मे महिन्यात जे लोक बघून येतात त्यांना ती नुसती लांबट इमारत वाटते. जहांगीर बादशहा १६१७चा अख्खा पावसाळा मांडूत राहिला होता. रूपमतीच्या महालावर ढग अक्षरशः खोल्यांतून ये-जा करतात.

उंटाडे
लडाख! पाऊस नकोच असेल तर पर्जन्यछायेतला प्रदेश.

माळव्यातली_सून
@उंटाडे, अहो ताईंना पाऊसच हवाय :)

दिंडीतला
वारीचं कुणीच कसं लिहिलं नाही? ज्या वर्षी अधिक महिना आधी येऊन आषाढी पुढे सरकते, त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला दोन्ही पालख्या पुण्याच्या आसपास असतात. तारीख बघून घ्या. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन रात्री मुक्काम. मग माउली दिवे घाटाने सासवडला आणि तुकोबा लोणी काळभोरमार्गे. तुमचं घर पेठेत, भावाला दारातूनच दिसेल सगळं.

दिवे घाटाचा वरून काढलेला फोटो सगळ्यांकडे असतो. मी म्हणेन की भावाला एक टप्पा चालू दे. चालणारा माणूस वेगळे फोटो काढतो. पावसाची सर आली की तुळस डोक्यावर घेतलेली बाई आधी तुळशीवर प्लॅस्टिक धरते आणि मग स्वतःचं बघते. घाटावरून हे दिसणार नाही.

मावळमाती
बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो, कारण विषय आमच्या दारातला आहे.

पागोळीताई, तुम्ही माणसांचं जगणं म्हणालात, ते आवडलं. पण त्याची दुसरी बाजू ऐका. आमच्याकडे राब (पालापाचोळा, शेण) भाजून त्यावर भाताची रोपं टाकलेली असतात आणि आर्द्रा-पुनर्वसूत लावणी. चिखलणी झाली की खाचर, म्हणजे भाताचं शेत, फार वेळ तसंच ठेवता येत नाही, चिखल बसतो. मजूर मिळत नाहीत, म्हणून अजून आमच्या वाडीत इर्जिक घालतो, आज सगळे माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. सकाळी सातला पाण्यात उतरलेली माणसं दुपारी जेवायला बाहेर येतात.

त्यात शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्या लागतात आणि लोक बांधावरून चालत येतात. पावसाळ्यात बांध मऊ असतो. बुटाने कड तुटली की पाणी खालच्या खाचरात जातं आणि कालच लावलेली रोपं तरंगायला लागतात. मागच्या हंगामात कुणीतरी आमच्या डोक्यावर ड्रोन आणला. बैल बिथरला, चुलता थोडक्यात वाचला. माझी चुलती दिवसभर कमरेत वाकून लावणी करते, पाठीवर खोळ. तिचे फोटो लोक मागून काढतात. तुम्हाला तो हिरवा-निळा रंग छान दिसत असेल. तिला फार लाजल्यासारखं होतं. एकदा तिने मला विचारलं, ‘ह्यांच्या घरी आयाबाया न्हाईत का रं?’ मला उत्तर देता आलं नाही.

क्षणवेडा
वाईट वाटलं वाचून. बांध तोडणं, ड्रोन उडवणं चूकच, त्याला समर्थन नाही. पण फोटोग्राफीच्या बाजूनेही बोलतो. आधी विचारलं की माणूस सावध होतो, पदर सावरतो, कॅमेऱ्याकडे बघून उभा राहतो. सहज क्षण जातो. रस्त्यावरची, कामावरची छायाचित्रं विचारून काढली असती तर जगातली निम्मी चांगली छायाचित्रं झालीच नसती.

लेन्सवाली
क्षणवेडा, पटत नाही. भारतातल्या पावसाचा कदाचित सगळ्यात गाजलेला चेहरा आठवा. न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेकने १९६०च्या सुमारास काढलेला, वर तोंड केलेल्या, गालावर थेंब असलेल्या मुलीचा. ती मुलगी म्हणजे अपर्णा सेन, तेव्हा शाळकरी वयाच्या. त्यांनीच नंतर सांगितलंय की तो फोटो गच्चीवर, वरून पाणी ओतून काढला होता. विचारून, ठरवून, आणि तरीही साठ वर्षं लोकांच्या मनात आहे. मला तशी मांडणी करायला आवडणार नाही, पण विचारल्याने फोटो मरतो हे खरं नव्हे.

आणि माझा अनुभव सांगते. विचारल्यावर पहिली दहा मिनिटं लोक उभे राहतात हे खरं. नंतर काम त्यांना थांबू देत नाही. ते तुम्हाला विसरतात. सहज क्षण तेव्हा सुरू होतो. दहा मिनिटं थांबायची तयारी नसलेल्यांनाच विचारणं जड जातं.

क्षणवेडा
दहा मिनिटांचा मुद्दा मान्य. बाजाराच्या गर्दीत मात्र मी माझ्या मताशी ठाम. वारीत हजार लोकांना कुठे विचारणार?

दिंडीतला
वारीत माउली म्हणून हाक मारा, कॅमेरा दाखवा, समोरचा मान हलवतो. तेवढं पुरतं. आंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी कॅमेरा बॅगेत. त्याला गर्दीची सबब चालत नाही.

आर्द्रा_आज्जी
मावळमाती, तुमच्या चुलतीबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या आईनेही भोरकडे लावणी केलेली आहे. संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, त्यावर ती मेंदी लावून बसायची. रंगलेले तळवे बघून आम्हाला सण वाटायचा.

पागोळी
मावळमाती, मनापासून आभार. आज्जी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी सगळं प्रतिसाद-प्रतिसाद भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, आठवडाभर बाहेर जाण्यापेक्षा तेवढे दिवस एकाच गावात राहता आलं तर? मला तर हेच हवं होतं. गाडीच्या खिडकीतून दहा गावं बघण्यापेक्षा एका वाडीत पाऊस लागताना आणि थांबताना दोन्ही बघावा. मांडू त्यातून दिवस उरले तर.

विचारायला संकोच वाटतोय, पण लावणीच्या दिवसांत आम्ही आलो तर अडचण होईल का? फोटो नंतर. आधी चिखलात उतरून जमेल ते काम करू. आणि त्याने काढलेल्या फोटोंच्या प्रती सगळ्यांना पोचत्या करायची जबाबदारी माझी.

मावळमाती
या. अडचण कसली. लावणी अवघड नाही, पाठीला त्रास होतो एवढंच. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्याने चार-पाच काड्या सोडवून अंगठ्याने चिखलात खोचायच्या. खोल गेली तर फुटवे कमी येतात, वर राहिली तर तरंगते. चुलती शिकवील. ती शिकवायला बसली की कॅमेरा आपोआप बाजूला राहतो, मागे आलेल्या पोरांचं तसंच झालं होतं.

आमच्याकडे इंद्रायणीच लावतात, आमच्या वडगावच्याच भात संशोधन केंद्रातलं वाण. कामशेतला उतरा. दुपारच्या लोकल विरळ असतात, सकाळचीच धरा. दिवस आत्ता सांगता येणार नाही, पावसावर ठरतं. आदल्या संध्याकाळी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करीन. बूट आणू नका, चिखलात रुततात, अनवाणीच बरं. एक जादा कपड्यांचा जोड आणा.

भिंगवाला
आणि हवाबंद डबा. तिथल्या घरात चुलीजवळ कॅमेरा वाळवायला ठेवू नका, धूर काचेवर बसतो.

घाटवाट
मी हरलो. ताम्हिणीला एकटाच जातो. फोटो इथे टाका मात्र.

पागोळी
चुलतीबाईंनी हो म्हटलं तरच टाकू.

मावळमाती
एक राहिलं. इर्जिकीच्या जेवणाला आमच्याकडे मटण असतं. भाऊ खातो का? नसेल तर आधी कळवा, पिठलं वेगळं करायला सांगतो.

पागोळी
तो सगळं खातो. मी पिठलंवाली. मला भाकरी थापता येते, त्या कामालाही धरा.